साहेबांच्या समोरची भिंत

मागच्या अंकात लिहिता लिहिता मी एक वाक्य टाकलं होतं : मध्ययुगातल्या युरोपने न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधली नव्हती. त्या एका वाक्यावर महिनाभर पत्रं येत राहिली, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्याच विषयाला दिलं आहे. काहींनी माझी ओळख विचारली आहे. कलामहाविद्यालयात एकतीस वर्षं मी युरोपच्या कलेचा इतिहास शिकवला. त्याच्या कितीतरी आधी, लहानपणी, कोर्टाच्या आवारात वाढले. वडील जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते आणि आमचं क्वार्टर कोर्टाच्या कंपाउंडला लागूनच होतं. पहिला पुकारा ऐकू आला की आई म्हणायची, ‘अकरा वाजले, भात टाका.’

प्रश्न : २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती आल्याच्या बातम्या आल्या. डोळ्यांवर पट्टी नाही, हातात तलवारीऐवजी संविधान. आमच्या वर्गात वाद झाला. पट्टी म्हणजे निःपक्षपातीपणा, ती युरोपची हजारो वर्षांची परंपरा, असं बरेच जण म्हणतात. तुम्ही म्हणता मध्ययुगात पट्टी नव्हतीच. मग ती आली कुठून?
— विधी शाखेची एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : चेष्टेतून आली.

१४९४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सेबास्टियन ब्रांट नावाच्या कायद्याच्या पंडिताचं ‘मूर्खांचं जहाज’ हे पुस्तक छापलं गेलं. माणसांच्या तऱ्हतऱ्हेच्या मूर्खपणांवर एकेक प्रकरण आणि त्यासोबत लाकडी ठशाचं चित्र. त्यात एक प्रकरण ऊठसूट कोर्टात धावणाऱ्यांवर आहे. चित्रात न्यायदेवता तलवार आणि तराजू घेऊन बसली आहे आणि मागून एक विदूषक येऊन तिच्या डोळ्यांवर फडकं बांधतो आहे. आज आपल्याला ठाऊक असलेलं, पट्टी बांधलेल्या न्यायदेवतेचं हे सगळ्यात जुनं चित्र मानतात. त्यात पट्टी म्हणजे सद्गुण नव्हे. ती देवतेवर झालेली जबरदस्ती आहे. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्याच फडक्याचा अर्थ फिरला. १५४३ साली बर्न शहरात हान्स गींग या शिल्पकाराने एका कारंज्यावर न्यायदेवता उभी केली. तिचेही डोळे बांधलेले आहेत, पण तिच्या पायांशी पोप, सम्राट, सुलतान आणि शहराचा प्रमुख असे चौघेही सारखेच बसले आहेत. समोर कोण आहे हे पाहून निवाडा बदलणार नाही, हा पट्टीचा अर्थ इथून रुळला. म्हणजे तुमच्या वर्गातल्या मित्रांची परंपरा खरी आहे, फक्त तिचं वय पाचशे वर्षांच्या आतलं आहे.

त्याआधी काय होतं ते इटलीतल्या पादुआ शहरात बघा. एन्रिको स्क्रोव्हेन्यी या धनिकाने बांधलेलं एक छोटं प्रार्थनामंदिर आहे. जोत्तो या चित्रकाराने ते १३०५ च्या सुमाराला आतून रंगवलं. खालच्या पट्ट्यात, संगमरवरी मूर्ती वाटाव्यात अशा करड्या रंगात, एका भिंतीवर सात सद्गुण आणि समोरच्या भिंतीवर सात दुर्गुण आहेत. सातांच्या बरोबर मध्यभागी न्याय, तिच्या समोर अन्याय. न्याय ही सिंहासनावर बसलेली राणी आहे. डोळे उघडे, नजर स्थिर. तराजूची दोन्ही पारडी तिने स्वतःच्या तळहातांवर तोलली आहेत. एका पारड्यातून चांगल्या माणसाचा सन्मान होतो आहे, दुसऱ्यातून अपराध्यावर तलवार उगारली आहे. तिच्या पायाखालच्या पट्टीत माणसं नाचताहेत, घोड्यावरून शिकारीला निघाली आहेत, व्यापारी निर्धास्त प्रवास करताहेत. समोरच्या भिंतीवरचा अन्याय हा पडक्या वेशीत बसलेला पुरुष आहे. त्याच्या पुढ्यात झाडं माजली आहेत आणि त्या झाडांखाली वाटसरूंची लूट चालली आहे. तो मान वळवून भलतीकडे बघतो आहे. जोत्तोच्या हिशेबात अन्याय म्हणजे बघायचं नाकारणं, आणि माझ्या मते या दोन चित्रांतलं सगळ्यात मोठं अंतर नजरेचंच आहे.

त्या काळी पट्टीला चांगला अर्थ येऊच शकत नव्हता, कारण ती दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांवर होती. आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबूर्ग शहराच्या कॅथेड्रलच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, दक्षिण दारावर १२३० च्या सुमाराच्या दोन स्त्रीमूर्ती होत्या. मूळ मूर्ती आता शेजारच्या संग्रहालयात आहेत. एक ‘चर्च’, मुकुट घातलेली, ताठ. दुसरी ‘सिनेगॉग’, म्हणजे ज्यू धर्म : हातातला भाला मोडलेला, धर्मशास्त्राच्या पाट्या निसटत चाललेल्या, डोळ्यांवर पट्टी. ज्यूंना सत्य दिसत नाही, हे त्या पट्टीने सांगायचं होतं. दोघींच्या मध्ये निवाडा करणारा राजा शलमोन, आणि याच दारासमोर शहराचा न्याय चालायचा. ती पट्टीवाली मूर्ती इतकी नाजूक घडवली आहे की तिच्यावरून नजर हलत नाही, आणि तरी ती एका समाजाची नालस्ती आहे. १४ फेब्रुवारी १३४९ ला याच शहरात ज्यूंना जाळून मारलं गेलं. त्यांनी विहिरींत विष घालून प्लेग आणला, असा आरोप होता. प्लेग तोवर त्या शहरात पोचलाही नव्हता. विद्यार्थ्यांना ही मूर्ती दाखवताना ही तारीख मी एकदाही गाळली नाही, आणि तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या वर्गातल्या वादात माझं मत उघड्या डोळ्यांच्या बाजूने आहे. पट्टीमागचा हेतू मला समजतो. पण समोर उभं राहिलेलं माणूस किती लांबून आलं आहे, कितव्या तारखेला आलं आहे, हे न्यायाला दिसायला हवं.

प्रश्न : नातवाने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. टेबलावर झोपवलेल्या माणसाची कातडी सोलताहेत आणि भोवती प्रतिष्ठित मंडळी शांत उभी आहेत. हे म्हणे कोर्टात टांगलेलं असे! चाळीस वर्षं मी वकिली केली. आरोपीला अशी दहशत घालणारं कोर्ट मला कल्पनेतही सहन होत नाही. असं चित्र तिथे कशासाठी?
— एक निवृत्त वकील, सोलापूर

उत्तर : काका, ते चित्र आरोपीसाठी नव्हतं, न्यायाधीशांसाठी होतं.

ते खेरार्ड डाव्हिड या चित्रकाराचं, १४९८ सालचं. आजच्या बेल्जियममधल्या ब्रुगे शहराच्या नगरसभागृहात, जिथे शहराचे पंच बसून निवाडे करत, त्या दालनासाठी शहरानेच ते करून घेतलं. दोन मोठ्या फळ्या आहेत. गोष्ट हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने सांगितलेली, इराणच्या दरबारातली. सिसाम्नेस नावाच्या राजन्यायाधीशाने लाच घेऊन खोटा निवाडा दिला. राजा कांबिसेसने त्याला मारून त्याची कातडी सोलून काढायला लावली, तिच्या पट्ट्यांनी न्यायासन मढवलं आणि त्याच आसनावर त्याच्या मुलाला, ओटानेसला, न्यायाधीश म्हणून बसवलं. निवाडा देताना आपण कशावर बसलो आहोत ते विसरू नकोस, असं बजावून.

पहिल्या फळीवर अटक आहे. राजा बोटांवर एकेक आरोप मोजून दाखवतो आहे आणि सिसाम्नेस आसनावरच आक्रसला आहे. मागे दूर, एका घराच्या दारात, पैशाची थैली या हातातून त्या हातात जाते आहे. गुन्हा केवढासा, कोपऱ्यातला! तो शोधावा लागतो, आणि कोर्टातही लाच अशीच शोधावी लागते. दुसऱ्या फळीवर तुमच्या नातवाने दाखवलेलं दृश्य. हेरोडोटसकडे आधी गळा चिरतात. डाव्हिडकडे माणूस जिवंत आहे, दात आवळून आहे. पाय सोलणाऱ्याने सुरी दातांत धरली आहे, कारण दोन्ही हात कामात आहेत. भोवतीची माणसं इराणी नाहीतच, सगळी ब्रुगेच्या पोशाखात आहेत. आणि वर उजव्या कोपऱ्यात, लहानसा, मुलगा त्या मढवलेल्या आसनावर बसला आहे.

ब्रुगेच्या संग्रहालयात या चित्रासमोर मी अर्धा तास उभी होते. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं मी फक्त सुरी धरलेले ते दात बघत होते. ते चित्र क्रूर आहे, यात तुमचं-माझं दुमत नाही. मग एकदम वडिलांच्या कोर्टाची खोली आठवली. साहेबांच्या मागच्या भिंतीवर गांधीजींची तसबीर होती, वर राजमुद्रा आणि ‘सत्यमेव जयते’. ते सगळं पक्षकारांना दिसायचं, साक्षीदाराला दिसायचं, पिंजऱ्यातल्या आरोपीला दिसायचं. साहेबांच्या समोरच्या भिंतीवर काय होतं? घड्याळ. बाकी काही नाही. ब्रुगेच्या लोकांनी त्या समोरच्या भिंतीचा विचार केला होता.

आमच्या आत्याचा वाटणीचा दावा एका तालुक्याच्या कोर्टात एकोणीस वर्षं चालला. ती नऊवारी नेसून, पिशवीत भाकरी बांधून, दर तारखेला पहिल्या एस.टी.ने यायची आणि बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत जायची. फाईल वर काढायची म्हणून तिच्याकडे पैसे मागितले गेले, ते तिने दिले नाहीत. वडील न्यायखात्यात असून काही करू शकले नाहीत. करणं योग्यही नव्हतं आणि ते त्यांना आयुष्यभर खुपलं. निकाल तिच्या बाजूने लागला तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. ब्रुगेमध्ये त्या कोपऱ्यातल्या थैलीकडे बघताना मला तिची भाकरीची पिशवी दिसत होती.

या प्रकारची चित्रं त्या भागात शहरोशहरी होती. लोव्हेन शहराने १४६८ साली दीरिक बाउट्सला असंच काम दिलं : अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या अखेरीस सगळ्यांचा निवाडा होतो त्या प्रसंगाचं, एक चित्र, आणि निवाड्याच्या गोष्टीच्या चार भल्या मोठ्या फळ्या. १४७५ साली तो वारला तेव्हा चारपैकी एक पुरी आणि दुसरी पुरी होत आली होती. आता त्या दोन्ही ब्रसेल्सला आहेत, तीन मीटरपेक्षा उंच. त्यांतली गोष्ट मला ब्रुगेच्या चित्रापेक्षाही मोठी वाटते. सम्राट तिसऱ्या ओटोची राणी एका काउंटवर खोटा आळ घेते, कारण त्याने तिला नकार दिलेला असतो. सम्राट तिचं ऐकून त्याचं डोकं उडवतो. पांढऱ्या अंगरख्यात वधस्थानाकडे निघालेला तो माणूस वाटेत बायकोशी बोलतो आहे, हे बाउट्सने किती शांतपणे रंगवलं आहे! दुसऱ्या फळीवर ती विधवा सिंहासनासमोर गुडघे टेकून बसली आहे. एका हातात नवऱ्याचं शिर, दुसऱ्यात तापून लाल झालेली लोखंडाची कांब. हात पोळलेला नाही, म्हणजे नवरा निर्दोष होता. मागे दूरवर राणीला जाळताहेत. ही नुसती दंतकथा. खऱ्या ओटोचं लग्नच झालं नव्हतं, १००२ साली एकविसाव्या वर्षी तो गेला. तापल्या लोखंडाचं दिव्य करण्यात पाद्र्यांनी भाग घेऊ नये, असं चर्चने १२१५ सालीच ठरवलं होतं. तरीही लोव्हेनच्या पंचांना अडीचशे वर्षांनी हीच गोष्ट भिंतीवर हवी होती, कारण तिच्यात सम्राटाचा निवाडा चुकतो, आणि ती चूक त्याला भर दरबारात एका बाईसमोर कबूल करावी लागते.

ब्रसेल्सच्या सभागृहात रोखीर व्हान डर वायडनची चार चित्रं होती. १६९५ साली फ्रेंचांच्या तोफांनी ती जाळली. त्यांच्यावरून विणलेला एक पडदा बर्नमध्ये आहे, त्यावरच आता समाधान मानायचं.

पत्राच्या शेवटी तुम्ही रामशास्त्र्यांचं नाव घेतलं आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री लोव्हेनच्या त्या दालनात कुणालाही परके वाटले नसते.

प्रश्न : जर्मनीतल्या एका जुन्या कायद्याच्या पोथीत चार-चार हातांची माणसं पाहिली. हे आपल्या देवांचं अनुकरण आहे का?
— चित्रकला शिक्षक, परभणी

उत्तर : नाही, पण तुमची नजर बरोबर जागी गेली. ती पोथी ‘साक्सनश्पीगेल’ची, म्हणजे सॅक्सन लोकांच्या आरशाची. आइके फॉन रेपगो याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या रूढींचा कायदा लोकभाषेत लिहून काढला. पुढच्या शतकातल्या चार सचित्र प्रती उरल्या आहेत. हायडेलबर्ग, ओल्डेनबुर्ग, ड्रेस्डेन आणि वोल्फेनब्युटेल या शहरांच्या नावांनी त्या ओळखल्या जातात. मजकुराच्या शेजारी उभ्या रांगेत चित्रं. एकाच माणसाने एका कलमात शपथ घ्यायची, जमीन नाकारायची आणि दुसऱ्याकडे बोट दाखवायचं असेल, तर चित्रकार त्याला जितकी कामं तितके हात देतो. प्रत्येक हात म्हणजे एक कृती. आपल्याकडे हातांतून देवाची सामर्थ्यं कळतात, तिथे कायद्याची कलमं. ‘जो गिरणीवर पहिला येईल त्याचं दळण पहिलं’ हा नियम याच पुस्तकातला. जर्मन बोलीत ती म्हण अजून चालते.

प्रश्न : आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीच्या खोलीची भिंत रंगवायची आहे. न्यायाची चित्रं शोधली तर सगळीकडे तलवारी, फास, नरक. न्याय असतो तेव्हा गाव कसं दिसतं, असं कुणी काढलंच नाही का?
— समितीच्या एक सदस्य, संगमनेर तालुका

उत्तर : ताई, काढलं आहे, आणि जवळजवळ तुमच्याच कामासाठी.

इटलीतल्या सिएना शहरावर १२८७ पासून १३५५ पर्यंत नऊ जणांचं मंडळ राज्य करत होतं. हे नऊ दर दोन महिन्यांनी बदलत, आणि ते दोन महिने त्यांनी नगरवाड्यातच राहायचं. त्यांच्या बैठकीच्या खोलीच्या तीन भिंती अंब्रोज्यो लोरेंझेत्तीने १३३८ आणि १३३९ मध्ये रंगवल्या. चौथ्या भिंतीत खिडकी. खोलीत बसलं की दोन्ही हातांना आणि समोर चित्रंच.

समोरच्या भिंतीवर न्याय बसली आहे. तिची नजर वर आहे, कारण तराजू तिने धरलेला नाही, वरच्या प्रज्ञेने धरला आहे. न्याय फक्त अंगठ्यांनी पारडी स्थिर ठेवते. शिकवताना मी इथे नेहमी थांबायचे : न्यायाचं काम अंगठ्याएवढं नाजूक. दोन्ही पारड्यांत देवदूत आहेत. एक शिक्षा आणि सन्मान देतो. दुसरा दोन माणसांना देवघेवीच्या वस्तू देतो, त्यात एक गोल भांडं आहे, बहुधा धान्याचं माप. माप खरं असणं हाही न्याय, हे बाजारगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या देवदूतांपासून दोन दोऱ्या खाली उतरतात आणि एका बाईच्या हातात येतात. ही सलोखा. तिच्या मांडीवर काय आहे, ओळखा. सुताराचा रंधा! वर आलेलं, खुपणारं तासून सगळं एका पातळीत आणायचं. ती त्या दोऱ्यांचा एक दोर करून शेजारच्या माणसाच्या हातात देते. चोवीस नागरिक जोडीजोडीने उभे आहेत, दोर हातोहात पुढे जातो आणि शेवटी सिंहासनावरच्या म्हाताऱ्याच्या, राजदंड धरलेल्या हातापर्यंत पोचतो. तो म्हातारा म्हणजे सगळ्यांचं मिळून हित. त्याच चित्रात खाली उजवीकडे दोरीने बांधलेले कैदी आहेत, पण या चोवीस जणांना कुणी बांधलेलं नाही. त्यांनी दोर आपण होऊन धरला आहे.

उजव्या हाताच्या भिंतीवर तुम्ही विचारलेलं गाव. गवंडी परांचीवर चढून भिंत बांधताहेत, चपलांचं दुकान उघडं आहे, गुरुजी शिकवताहेत, भर रस्त्यात फेर धरून नाच चालला आहे. वेशीबाहेर शेतं, मळणी, ओझं लादलेली खेचरं, आणि एक माणूस आपलं डुक्कर हाकत शहराकडे निघाला आहे. वर सुरक्षितता उडते आहे. तिच्या एका हातातल्या फलकावर लिहिलं आहे, की प्रत्येकाने निर्भयपणे चालावं, पेरावं. दुसऱ्या हातात मात्र फास आणि त्याला लटकलेला माणूस. अंब्रोज्योलाही ते गाळता आलं नाही. तुम्ही गाळा.

डाव्या हाताच्या भिंतीवर जुलूम बसला आहे, शिंगांचा, सुळ्यांचा. न्याय त्याच्या पायाशी बांधून टाकली आहे. जुलमाच्या मंत्र्यांत ‘फूट’ नावाची एक बाई आहे. कपडे अर्धे पांढरे, अर्धे काळे. एकावर लिहिलंय ‘हो’, दुसऱ्यावर ‘नाही’. तिच्या हातात करवत आहे आणि ती स्वतःलाच कापते आहे. इकडे रंधा, तिकडे करवत. दोन्ही हत्यारं एकाच सुताराच्या पेटीतली.

म्हणून तुमच्या भिंतीबद्दल माझी सूचना : तराजू, तलवार काही नको. एक दोर काढा, आणि तो धरलेले तुमच्याच गावातल्या माणसांचे हात. पाटलांचे, मेंढपाळाचे, अंगणवाडीच्या बाईंचे, पाहुणी म्हणून आलेल्या ऊसतोडणीच्या पोरींचेही. गावच्या सुताराला विचारून रंधा नीट काढून घ्या. आणि चित्र दारासमोरच्या नव्हे, समिती जिकडे तोंड करून बसते त्या भिंतीवर काढा.

प्रश्न : आपल्याकडे चित्रगुप्ताची वही, त्यांच्याकडे तराजू. वही त्यांना सुचली नाही का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : सुचली, आणि तीही गळ्यात! दक्षिण फ्रान्समधल्या आल्बी शहराच्या कॅथेड्रलमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीचं अंतिम न्यायाचं भिंतचित्र आहे. थडग्यांतून उठलेल्या माणसांच्या उघड्या छातीवर उघडी वही आहे, प्रत्येकाची स्वतःची. चित्रगुप्त आपल्यासाठी लिहितो. इथे प्रत्येकजण आपली खतावणी घेऊन येतो. या चित्राला एक जखम आहे. १६९३ साली भिंतीच्या मध्यभागी आत जायला वाट हवी म्हणून मधला भाग पाडला, आणि त्यात न्याय करणारा ख्रिस्त गेला, आत्मे तोलणारा देवदूत मायकेलही गेला. आता डावीकडे पुण्यवान, खाली पापी, आणि मध्ये पोकळी.

तराजूचं सगळ्यात जिवंत चित्र फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांतातल्या ओतँ गावच्या कॅथेड्रलच्या दारावर आहे, ११३० च्या सुमाराचं, दगडातलं. मायकेल तोलतो आहे आणि सैतान दांडी आपल्याकडे ओढतो आहे. लहान मुलांसारखे काही आत्मे मायकेलच्या झग्याला बिलगले आहेत. खालच्या रांगेत दोन प्रचंड हात वरून येतात आणि एका माणसाचं डोकं धरतात. हातांचा मालक दिसत नाही. त्याच रांगेत दोन यात्रेकरू झोळ्या घेऊन उठले आहेत. एकीवर यरुशलेमचा क्रूस, दुसरीवर सान्तियागोचा शिंपला. वारीला गेल्याची खूण मेल्यावरही खांद्याला! १७६६ साली तिथल्या पाद्र्यांना हे काम गावंढळ वाटलं, म्हणून त्यांनी सगळं गिलाव्याखाली बुजवलं. ख्रिस्ताचं डोकं पुढे आलेलं होतं, ते काढून टाकलं. त्या गिलाव्यामुळेच ते फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोडफोडीतून वाचलं. १८३७ साली गिलावा उतरवला, आणि डोकं १९४८ साली परत धडावर बसलं. ख्रिस्ताच्या पायाखाली कोरलं आहे : ‘गिस्लेबेर्तुसने हे केलं.’

प्रश्न : पूर्वी गुन्हेगाराची धिंड काढत. युरोपात चित्रकार यात सामील असत का?
— निवृत्त पोलीस हवालदार, कोल्हापूर

उत्तर : असत, आणि नामांकित चित्रकार असत. इटलीतल्या शहरांत फितूर, दिवाळखोर आणि पळून गेलेल्या अपराध्यांची चित्रं सरकारी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर काढायची पद्धत होती, पुष्कळदा एका पायाला टांगून उलटी. माणूस हाती लागला नाही तरी त्याची अब्रू हाती लागायची. फ्लोरेन्समध्ये १४४० साली आन्द्रेआ देल कास्तान्योने अशी चित्रं काढली आणि लोक त्याला ‘फाशीवाल्यांचा आन्द्रेआ’ म्हणू लागले. तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याविरुद्धच्या १४७८ च्या कटानंतर हे काम बोत्तिचेल्लीने केलं. यांतलं एकही चित्र उरलेलं नाही. उरलं आहे लिओनार्दोचं एक छोटं रेखाटन. १४७९ साली त्या कटातल्या बेर्नार्दो बारोंचेल्लीला कॉन्स्टॅन्टिनोपलहून धरून आणून फाशी दिलं, ते. शेजारी लिओनार्दोने त्याच्या कपड्यांची यादी लिहिली आहे : टोपी, काळी सॅटिनची बंडी, कोल्ह्याच्या केसांचं अस्तर लावलेला निळा कोट. मला ते रेखाटन फार वेळ बघवत नाही.

प्रश्न : परदेशी जाणं आता होणार नाही. यातलं काही आपल्याकडे बघायला मिळेल?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : मूळ चित्रं नाहीत, पण त्या काळच्या कारागिरांची रीत मुंबईत आहे. १८७८ साली पुरी झालेली उच्च न्यायालयाची इमारत कर्नल फुलर यांनी मुद्दाम मध्ययुगीन गॉथिक धाटणीत बांधली. मध्ययुगातले पाथरवट चर्चच्या कानाकोपऱ्यांत माणसांच्या खोडी जनावरांच्या रूपात कोरत. हंसांना प्रवचन देणारा कोल्हा तर जागोजाग सापडतो. तशीच इथे एक आकृती आहे : तराजू धरलेलं माकड, एका डोळ्यावर पट्टी. दावा हरलेल्या एका कंत्राटदाराने राग असा काढला, अशी गोष्ट तिच्याबद्दल सांगतात. आत जायला परवानगी लागते, ती नातवाला काढायला सांगा. बाहेरून मात्र ओव्हल मैदानाच्या बाजूने कधीही बघता येईल. छतावर दोन मूर्ती आहेत, एक न्यायाची आणि एक दयेची. फार उंचावर आहेत, दुर्बीण बरोबर न्या.